आमची वाटचाल : पट्ट्यापासून घोट्यापर्यंत

त्र्यंबक रस्त्यावरील महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण घेणाऱ्यांना कमरेचे पट्टे, सॅम ब्राउन (खांद्यावरून तिरका पट्टा जाणारा अधिकाऱ्यांचा कमरपट्टा) आणि रिव्हॉल्व्हरची होल्स्टर, म्हणजे शस्त्र अडकवायची म्याने, पुरवणे, एवढ्या कामावर वडिलांनी नाशिकमध्ये हा व्यवसाय उभा केला. गणवेशावरील चामडे चारचौघांना दिसावे म्हणूनच असते; त्याची चकाकी, शिलाईची सरळ ओळ आणि पितळी बक्कल यांवर त्याची पारख होते. आज आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग ज्या वस्तूवर चालतो ती, म्हणजे घोट्यावर बांधायचे होल्स्टर, मात्र कोणाच्याही नजरेस पडू नये, अशीच बनवावी लागते.

हा बदल शस्त्र नियम, २०१६ लागू झाल्यानंतर स्पष्टपणे जाणवू लागला. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगावर बाळगायचे असेल, तर ते होल्स्टरमध्ये, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या परिणामकारक नियंत्रणात असले पाहिजे, असे हे नियम सांगतात. शर्टावरून पट्टा बांधून शस्त्र मिरवणाऱ्यांची सोय त्यामुळे संपली. सराफ बाजारातील पेढीवाले, लासलगावचे कांदा व्यापारी, पेट्रोल पंपांचे मालक आणि निवृत्त लष्करी अधिकारी झाकून राहील असे काहीतरी मागू लागले. उन्हाळ्यात सुती शर्ट खोचून वावरणाऱ्या माणसाच्या कमरेवरचा फुगवटा लपत नाही आणि कोट घालण्यासारखे आपले हवामान नाही. म्हणून घोट्यावर बांधायच्या होल्स्टरची विचारणा वाढत गेली.

या विचारणेच्या मागे अनेकदा परदेशी चित्रफिती असतात आणि तिथेच पहिली गफलत होते. अमेरिकेत घोट्यावरचे शस्त्र बहुधा दुसरे, राखीव असते. मुख्य पिस्तूल कमरेला असते. आपल्याकडे शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि त्या दोनांपैकी एक पुष्कळदा घरातली जुनी बंदूक असते. म्हणजे घोट्यावर जाणार ते त्याचे एकमेव छोटे हत्यार. शिवाय ९ मिलिमीटर पॅराबेलम या काडतुसाचे बोअर (नळीचे माप) सामान्य नागरिकासाठी निषिद्ध असल्याने परदेशात लोकप्रिय असलेल्या बहुतेक छोट्या पिस्तुलांचा इथे विचारच संभवत नाही. निवड प्रत्यक्षात .३२ बोअरच्या दोन-चार शस्त्रांपुरती उरते.

पायाला वजन कमरेपेक्षा फार लवकर जाणवते. कानपूरचे ‘निर्भीक’ २०१४ मध्ये बाजारात आले तेव्हा महिलांसाठीचे रिव्हॉल्व्हर म्हणून त्याची बरीच जाहिरात झाली. आमच्या दृष्टीने त्याचे खरे महत्त्व टायटॅनियम मिश्रधातूमुळे सुमारे ५०० ग्रॅमवर आलेल्या वजनात होते. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबळ’ या रिव्हॉल्व्हरचे गोळ्यांचे चक्र बाजूला उघडते, त्यामुळे गोळ्या भरणे-काढणे सुकर होते, परंतु त्याचे वजन काडतुसांशिवाय ६७५ ग्रॅम आहे. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. दिवसभर चालल्यावर मात्र जड शस्त्र प्रत्येक पावलाला लंबकासारखे झुलते, पट्टा खाली सरकतो आणि संध्याकाळपर्यंत माणूस नकळत पाय ओढू लागतो. कमरेसाठी आम्ही ‘प्रबळ’ निःसंकोच सुचवू, घोट्यासाठी ‘निर्भीक’च.

पिस्तूल चपटे असते आणि पँटच्या आत कमी फुगते, हा त्याच्या बाजूचा मुद्दा खरा आहे. तरीही जमिनीपासून वीतभर उंचीवर धूळ, मोज्यांचा कापूस आणि पावसाळ्यात चिखलाचे शिंतोडे यांचा मारा सतत चालू असतो. स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, फटींत हा कचरा साचला की पिस्तूल अडकण्याची शक्यता वाढते. रिव्हॉल्व्हर ते त्या मानाने बरे सहन करते. निफाडच्या द्राक्षबागांतून फिरणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. रिव्हॉल्व्हरची अडचण वेगळी आहे : त्याच्या घोड्याचे टोक उपसताना पँटच्या कापडात अडकते, म्हणून होल्स्टरची मागची बाजू आम्ही उंच ठेवून ते टोक झाकतो आणि वरून अंगठ्याने सुटणारी बटणपट्टी देतो.

कारखान्यात आम्ही कोणाचेही शस्त्र हाताळत नाही. ग्राहक घरी शस्त्र रिकामे करून कागदावर त्याची बाह्यरेषा काढतो, जाडीची मापे लिहितो, आणि त्यावरून अंबडच्या एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा साचा बनवून घेतला जातो. चामडे म्हशीचे, बाभूळ-हिरड्याने कमावलेले; कोमट पाण्यात भिजवून ते साच्यावर दाबून बसवले की सुकताना तोच आकार धरते. ट्रिगरभोवतीचा भाग पूर्ण झाकला जाईल इतका कडक असणे, ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्यावर ग्राहकाशी कोणतीही तडजोड होत नाही. बाजारात मिळणारी, सगळ्या शस्त्रांना चालणारी नायलॉनची मऊ पिशवी स्वस्त असते, पण तिच्या कापडावरून ट्रिगर दाबला जाऊ शकतो.

पायाकडच्या बाजूला लोकरीचा जाड नमदा असतो, नाहीतर घोट्याचे हाड दुपारपर्यंत सोलून निघते. रुंद पट्ट्यासाठी निओप्रीन, म्हणजे ताणले जाणारे रबरी कापड, वापरावे लागते. मे महिन्यात त्याखाली घामोळे येते, म्हणून गुडघ्यापर्यंतचा सुती मोजा घालण्याचा सल्ला आम्ही देतो. जड शस्त्र असेल तर पोटरीच्या वरून आणखी एक अरुंद पट्टा जोडला जातो, कारण खाली सरकणारे होल्स्टर वर ओढताना माणूस रस्त्यात वाकतो आणि झाकण्याचा सगळा खटाटोप वाया जातो.

उजव्या हाताच्या माणसाने हे डाव्या पायाच्या आतल्या बाजूला बांधावे, हा सर्वमान्य प्रकार आहे. आपल्याकडे त्यात मोटारसायकल आडवी येते. गिअर डाव्या पायाने बदलायचा आणि त्याच पायाची आतली बाजू तापलेल्या इंजिनाजवळ, म्हणजे चामडे वाळणार, काडतुसे तापणार आणि पँट वर सरकणार. मोटारीने फिरणाऱ्याला मात्र घोटा कमरेपेक्षा सोयीचा पडतो. सीटबेल्ट लावून बसलेल्या माणसाचा हात पायापर्यंत सहज पोहोचतो. उभ्याने शस्त्र काढणे संथच राहणार : एक गुडघा टेकून, दोन्ही हात वापरून. घाईत हे आपोआप जमेल असे मानणाऱ्याला आम्ही रिकाम्या शस्त्रावर घरी भरपूर सराव करून मगच निर्णय घ्यायला सांगतो.

म्हणूनच मागणी नोंदवताना आम्ही आधी माणूस कसा बसतो ते पाहतो. दुकानात एक गादी मुद्दाम ठेवलेली आहे. पेढीवर मांडी घालून बसणाऱ्याची पँट हमखास घोट्याच्या वर जाते आणि ‘पूर्णपणे झाकलेले’ ही अट तिथेच मोडते. अरुंद मोहरीची पँट वापरणाऱ्यालाही हे जमत नाही. शिंप्याकडून मोहरी वाढवून घ्यायची तयारी नसेल तर पैसे वाया घालवू नयेत. जत्रा, धार्मिक मिरवणुका, सभा आणि शाळा-महाविद्यालयांचे आवार इथे शस्त्र नेण्यास परवान्याच्या अटीच मनाई करतात, हे लक्षात ठेवून चारचौघांत ज्यांचे दिवसभर जाणे-येणे असते त्यांनी घरातील कुलूपबंद तिजोरीचा विचार आधी करावा. यात आमची विक्री बुडते, हे खरे. पण जे होल्स्टर पंधरवड्यात कपाटात जाऊन पडणार, त्याची तक्रार शेवटी आमच्याकडेच येते.

परवान्याची प्रत पाहिल्याशिवाय मागणी घेतली जात नाही, हा वडिलांच्या काळापासूनचा नियम अजूनही पाळला जातो. घडीव चामडे वर्षानुवर्षे टिकते. वेल्क्रो मात्र धूळ आणि धागे धरून त्याच्या बराच आधी पकड सोडतो. त्यामुळे अलीकडे होल्स्टर आणि पट्टा वेगळे करता येतील अशी रचना आम्ही केली असून, पट्टा तेवढा बदलून दिला जातो. पावसाळ्यानंतर होल्स्टर तपासणीसाठी आणणाऱ्यांनी शस्त्र घरीच ठेवून यावे, आणि एरवीही ते होल्स्टरमध्ये घालून महिनोन्महिने ठेवू नये. चामडे ओल धरते आणि पोलादाला गंज चढतो.