आधी जॉब शीट, मग रीसेट

अपडेटनंतर फोन बिघडला की घरातून, ऑफिसातून, गल्लीतल्या मोबाइलवाल्याकडून एकच सल्ला येतो: रीसेट मारून बघ. उपाय चुकीचा नाही, पण त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. रीसेटने डेटा तर जातोच, शिवाय बिघाड अपडेटनंतरच सुरू झाला हे दाखवणाऱ्या खुणाही पुसल्या जातात. चार दिवसांनी तोच त्रास पुन्हा उपटला तर बदली फोन मागायला हातात जॉब शीट, म्हणजे सर्व्हिस सेंटरने दिलेली तक्रारीची लेखी नोंद, किंवा दुसरा एकही कागद नसतो.

आधी बिघाड आणि नुसती कुरकुर यांतला फरक ओळखा. मोठं अपडेट लागल्यावर पहिले एक-दोन दिवस फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते. ॲप नव्या सिस्टिमसाठी पुन्हा तयार होत असतात, फोटोंची सूची नव्याने बनत असते. रात्रभर चार्जरला लावून वायफायवर ठेवला की बहुतेक काम उरकतं. लोगोवर अडकणं, सिम न ओळखणं, कॅमेरा काळा दिसणं, स्क्रीनवर उभी रेघ येणं, चार्जिंगच्या जागी चटका बसणं यांपैकी काही असेल तर मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही.

नव्या फोनचं गणित आणखी वेगळं. ऑनलाइन घेतलेल्या फोनला बदलीची मुदत बहुतेक वेळा ७ दिवसांची असते आणि ती डिलिव्हरीच्या दिवसापासून धावू लागते. दसऱ्याच्या सेलमध्ये घेतलेलं खोकं पाडव्याच्या मुहूर्ताला उघडायचं म्हटलं तर मुदत केव्हाच संपलेली असते. मुहूर्त हवाच असेल तर डिलिव्हरीच त्या बेताने मागवा. फोन आला की त्याच दिवशी सगळी प्रलंबित अपडेट लावून टाका. खोक्यातला फोन अनेकदा दोन-तीन अपडेट मागे असतो. बिघडायचाच असेल तर पहिल्या दिवशी बिघडलेला बरा. आणि महावितरणची दुरुस्तीची कामं गुरुवारी असतात हे पुणेकरांना सांगायला नको. वायफाय आणि चार्जर दोन्ही गुल होणार असतील त्या दुपारी अपडेटला हात लावू नका.

काउंटरवर हमखास ऐकू येणारा प्रश्न: "सॉफ्टवेअरने हार्डवेअर कसं खराब होईल?" होतं. अपडेटच्या वेळी मेमरीवर काही जीबी डेटा एका दमात लिहिला जातो. मेमरी चिपचा एखादा भाग आधीच कमकुवत असेल तर तो तेव्हाच दगा देतो. पाठोपाठ प्रोसेसर तासन्‌तास जोरात चालतो, बोर्ड तापतो, आणि प्रोसेसर किंवा वायफाय चिपखालच्या सोल्डरच्या बारीक गोळ्यांपैकी एखादा आधीच चिरलेला असेल तर तिथला संपर्क तुटतो. स्क्रीनवरच्या हिरव्या किंवा गुलाबी रेघेत पॅनेल आणि त्याला जोडणारी पट्टी यांच्यातला जोड कच्चा असण्याची शक्यता मोठी. दुसरा प्रकार निव्वळ सॉफ्टवेअरचा: नेटवर्क सांभाळणाऱ्या मोडेमचा भाग नीट लिहिला गेला नाही, कॅमेरा चालवणाऱ्या नव्या ड्रायव्हरचं जुन्या बॅचच्या कॅमेऱ्याशी जमलं नाही, वगैरे. हा पुढच्या अपडेटने किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये फ्लॅश केल्यावर, म्हणजे सिस्टिम नव्याने लिहिल्यावर, सुटू शकतो. पहिला, हार्डवेअरचा, सुटत नाही.

अँड्रॉइडमध्ये ७.० पासून, म्हणजे २०१६ पासून, यावर एक तोड आहे. सिस्टिमच्या दोन प्रती असतात. अपडेट दुसऱ्या प्रतीवर लिहिलं जातं आणि ती सुरू झाली नाही तर फोन आपोआप जुन्या प्रतीवर परततो. सगळ्या फोनमध्ये ही सोय नसते. जिथे असते तिथेही नवी प्रत एकदा नीट सुरू झाली आणि अपडेट पक्कं झालं की परतीची वाट बंद होते. "जुनं व्हर्जन टाकून द्या" ही मागणीही म्हणूनच अनेकदा मान्य होत नाही. सुरक्षेसाठी फोन जुनी आवृत्ती नाकारतो, आणि आयफोनच्या बाबतीत नवी आवृत्ती आल्यावर थोड्याच दिवसांत ॲपल जुनीवर शिक्कामोर्तब करणं थांबवतं, मग ती टाकताच येत नाही.

आता घरी करायच्या गोष्टी. सगळ्यात आधी दुसऱ्या फोनवरून व्हिडिओ काढा. बिघडलेला फोन चालू करण्यापासून लोगोवर अडकेपर्यंत, मध्ये न थांबता. फोन चालू होत असेल तर सेटिंगमधल्या 'अबाउट फोन'चे स्क्रीनशॉट घ्या: बिल्ड क्रमांक, सिक्युरिटी पॅचची तारीख, अपडेटची नोंद. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघा. तिथे शून्यं किंवा रिकामी जागा दिसली तर मोडेमचा भाग बिघडला आहे. तोही स्क्रीनशॉट ठेवा. फोनच्या चारही कडा, पाठ आणि सिम ट्रेची खाच यांचे फोटो काढा. त्या खाचेत अनेक फोनमध्ये पाणी लागलं की लाल होणारी पांढरी पट्टी असते. ती पांढरी असल्याचा फोटो पुढे फार कामाला येतो.

मग डेटा न जाणारे उपाय. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन १०-२० सेकंद एकत्र दाबून सक्तीने रीस्टार्ट. त्यानंतर सेफ मोड, म्हणजे फक्त मूळ ॲपनिशी फोन चालवणं: तिथे फोन नीट चालला तर दोष तुम्ही टाकलेल्या एखाद्या ॲपचा, अपडेटचा नव्हे. रिकव्हरी मेनूत 'वाइप कॅश पार्टिशन' असेल तर ते निवडा. त्याच्या शेजारचं 'वाइप डेटा' नव्हे! दोन ओळी चिकटून असतात आणि घाईत बोट घसरतं. आयफोनमध्ये व्हॉल्यूम अप दाबून सोडा, व्हॉल्यूम डाउन दाबून सोडा, मग साइड बटण धरून ठेवा. ॲपलचा लोगो आला तरी न सोडता केबलचं चित्र दिसेपर्यंत धरा, फोन संगणकाला जोडलेला असू द्या, आणि विचारल्यावर 'अपडेट' निवडा. 'रीस्टोअर' निवडलं तर सगळं पुसलं जातं. डाउनलोडला १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर फोन त्या मोडमधून बाहेर पडतो. डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि बटणांचा क्रम पुन्हा करा.

वॉरंटीत असलेला फोन या टप्प्यावर पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानांत नेऊ नका. तिथल्या कारागिरांच्या कसबाबद्दल शंका नाही. मायक्रोस्कोपखाली रीबॉलिंग करणारा, म्हणजे सोल्डरच्या गोळ्या नव्याने बसवणारा, चांगला हात कंपनीच्या सेंटरपेक्षा सरस ठरू शकतो, कारण सेंटरमध्ये बोर्ड दुरुस्त करण्यापेक्षा सरळ बदलण्याकडेच कल असतो. पण बाहेर स्क्रू उघडला की वॉरंटीचा दावा डळमळतो, आणि दुसऱ्या देशाचं फर्मवेअर (फोनचं मूळ सॉफ्टवेअर) टाकलं गेलं तर नेटवर्क कायमचं जाऊ शकतं. "आयएमईआय टाकून देतो" म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा. त्यात फेरफार करणं दूरसंचार कायदा २०२३ नुसार गुन्हा आहे.

सर्व्हिस सेंटरमध्ये सगळा खेळ जॉब शीटचा. काउंटरवरचा मुलगा सवयीने "फोन डेड" किंवा "हँग ऑन लोगो" लिहितो. हे पुरेसं नाही. "अमुक तारखेला कंपनीचं अमुक आवृत्तीचं अपडेट लागल्यानंतर फोन लोगोवर अडकतो, बाहेरून इजा नाही, पाणी लागलेलं नाही" असं वाक्य लिहून घ्या. लिहायला नकार मिळाला तर तिथेच उभं राहून तेच वाक्य, काढलेले फोटो आणि जॉब शीटचा क्रमांक कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल करा. सोबत बिलाची प्रत. "पाच मिनिटांत सॉफ्टवेअर मारून देतो, कागद कशाला" हे ऐकू आलं तरी कागदाशिवाय फोन हातातून सोडू नका. पहिली भेट कागदावर नसेल तर दुसऱ्या वेळी तीच पहिली धरली जाते. दुरुस्तीनंतर काय केलं, फ्लॅश की बोर्ड बदल, हेही लिहून मागा.

डेटाबद्दल कडू सत्य: अँड्रॉइड १० पासूनच्या नव्या फोनमध्ये साठवण कूटबद्ध असते आणि तिची किल्ली त्या प्रोसेसरशी बांधलेली असते. बोर्ड बदलला की जुना डेटा परत मिळत नाही. मेमरी चिप काढून दुसऱ्या बोर्डावर लावूनही नाही. मूळ प्रोसेसर आणि मूळ मेमरी एकत्र जिवंत करणं एवढाच मार्ग उरतो. बॅकअप नसेल आणि डेटा फोनपेक्षा मोलाचा असेल, तर बोर्ड बदलायला होकार देण्याआधी हा निर्णय घ्या.

वॉरंटीत एक गोष्ट तुमच्या बाजूने असते. बिघाड अपडेटने झाला की कच्च्या सोल्डरने, दोन्ही कंपनीच्याच पदरात पडतात, त्यामुळे "अपडेटमुळेच" हे सिद्ध करत बसायची गरज नाही. इजा तुमच्या हातून झालेली नाही एवढं दिसलं की पुरे. वॉरंटीबाहेर मात्र अपडेटशी धागा जोडावा लागतो, आणि तिथे तारखांचे स्क्रीनशॉट उपयोगी पडतात. हिरव्या रेघेसाठी भारतात एकाहून अधिक कंपन्यांनी ठरावीक मॉडेलना वॉरंटी संपल्यावरही स्क्रीन फुकट बदलून दिली आहे. काउंटरवर हे आपणहून कोणी सांगेलच असं नाही, मॉडेलचं नाव घेऊन विचारा. सॉफ्टवेअरसाठी कंपनीला जबाबदार धरणंही नवलाचं राहिलेलं नाही: २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने फोन मंदावणाऱ्या अपडेटबद्दल ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोचा दंड केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये आयओएस १८ नंतरच्या तक्रारींवरून आपल्याकडच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस पाठवली. नोटीस म्हणजे दोष सिद्ध नव्हे, पण तक्रारीची दखल घेतली जाते एवढं नक्की.

मुदतीत असलेल्या नव्या फोनसाठी विक्रेते बहुधा सर्व्हिस सेंटरचं 'डीओए' प्रमाणपत्र मागतात. फोन पहिल्यापासूनच सदोष निघाला असं सांगणारा हा कागद. तो मिळेपर्यंत थांबू नका, ॲपवर बदलीची विनंती त्याच दिवशी नोंदवा. मुदत उलटली असेल तर मागणी कंपनीकडे लेखी करायची. एकाच तक्रारीची दोन-तीन जॉब शीट जोडलेली असली की "दुरुस्ती जमत नाही, बदली द्या किंवा पैसे परत करा" या वाक्याला वजन येतं. त्या मॉडेलमध्येच तो दोष सर्रास असेल तर पैसेच मागा. तोच फोन पुन्हा घेऊन तेच अपडेट पुन्हा लागणार.

बदली देताना फोन नवा की दुरुस्त केलेला, वॉरंटी कधीपर्यंत, आणि नवा आयएमईआय नमूद केलेलं पत्र, हे तिन्ही कागदावर घ्या. विम्याची योजना असेल तर ती नव्या आयएमईआयवर वळवून घ्यावी लागते. इंग्रजी अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून १५ अंकी आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की त्या क्रमांकामागचं मॉडेल कळतं. हातातला फोन तोच आहे ना, हे काउंटरवरच ताडून बघा.

टोलवाटोलवी सुरू झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं, तक्रार क्रमांक मिळतो आणि तक्रार कंपनीपर्यंत पोचते. तिथे न मिटलं तर स्पीड पोस्टने १५ दिवसांची नोटीस, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता किंवा काम करता तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असलं तरी खटला पुण्यात चालतो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. विक्रेता आणि कंपनी दोघांनाही प्रतिपक्ष करा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही बिलावरची ओळ सदोष मालाला लागू होत नाही. अखिल भारतीय ग्राहक पंचायत १९७४ मध्ये पुण्यातच सुरू झाली. कागद कसे लावायचे हे विचारायला अशा संस्थांकडे जाता येतं.

बिघडलेला फोन चालू होत असेल तर देण्याआधी गुगल खातं काढा, आयफोनवर 'फाइंड माय' बंद करा. नाहीतर सेंटर तो घेणार नाही किंवा परत आलेला फोन कुलूपबंद राहील. ई-सिम असेल तर ते नव्या फोनमध्ये आपोआप येईल असं धरू नका, सिमच्या कंपनीकडून पुन्हा जारी करून घ्या. सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, त्यामुळे त्या काळात यूपीआयची नोंदणी होत नाही आणि बँकेचे ओटीपी येत नाहीत. विजेचं बिल, फी, हप्ता यांची शेवटची तारीख त्या दिवशी येत असेल तर ते आदल्या दिवशीच भरून मोकळे व्हा.