मटकी, मेणबत्ती आणि पाषाणचा खडा

गॅदरिंग, सहली, आंतरशालेय सामने आणि पट्टीने मारणारे सर यांच्यावर लिहिणारे या स्मरणिकेला पुष्कळ मिळतील. मी त्यांच्या वाटेला जात नाही. मला एका धड्याबद्दल लिहायचंय. ‘सजीवांची लक्षणे’ हा धडा इतर तुकड्यांमध्ये एका तासात उरकला. आमच्या तुकडीला तो दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पुरला. त्याला कारण विज्ञानाच्या बाई. आपलं नाव कुठे छापून आलेलं त्यांना खपायचं नाही, म्हणून इथेही नुसतं बाईच लिहितो. जुन्या मंडळींना कळेल.

यादी सगळ्यांना पाठ असते. सजीव वाढतात, हालचाल करतात, अन्न घेतात, श्वसन करतात, नको ते बाहेर टाकतात, चेतनेला प्रतिसाद देतात, आपल्यासारखे दुसरे जीव जन्माला घालतात, पेशींचे बनलेले असतात आणि केव्हातरी मरतात. बाईंनी ती फळ्यावर लिहिली आणि वर्गाचे दोन गट केले. खिडकीकडच्यांनी यादीतली लक्षणं असलेली निर्जीव वस्तू आणायची, भिंतीकडच्यांनी लक्षण नसलेला सजीव आणायचा. नुसतं तोंडाने सांगून चालणार नव्हतं, वस्तू टेबलावर हवी होती.

‘हालचाल’ पहिल्याच दिवशी बाद झाली. पीएमटीची बस हलते आणि शाळेच्या फाटकातला वड जागचा हलत नाही, एवढ्यावर खिडकीकडची मुलं खूश. बाईंनी वडाची बाजू घेतली. जगदीशचंद्र बोस यांनी वनस्पतींची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ नावाचं यंत्र बनवलं होतं. त्यातून पाहिलं तर झाड स्वस्थ उभं नाही हे कळतं, असं त्यांनी सांगितलं. पण बसचं काय, याला कुणाकडे उत्तर नव्हतं.

मग मेणबत्ती आली. मेणबत्तीने आम्हाला खरा घाम फोडला. ज्योत मेण खाते, ऑक्सिजन घेते, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ सोडते, फुंकर मारली की अंग चोरते, एकीची दुसरी होते आणि शेवटी मरते. भिंतीकडून कुणीतरी ओरडलं, “बाई, पण तिला पेशी नाहीत!”

“पेशी जरा बाजूला ठेवा,” बाई म्हणाल्या. “रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात ते खण पाहिले आणि १६६५ साली छापले. श्लायडेन आणि श्वान यांनी वनस्पती-प्राणी सगळेच पेशींचे असतात असं म्हटलं ते १८३८-३९ मध्ये. त्याआधीच्या माणसाला आपला बैल जिवंत आहे की मेला हे कळत नव्हतं काय रे?”

(हूकने पाहिलेल्या त्या पेशी मेलेल्या होत्या, नुसत्या भिंती उरलेल्या. सजीवांच्या सर्वात प्रसिद्ध लक्षणाचा शोध एका निर्जीव बुचात लागला, याची मला अजून मौज वाटते.)

ज्योतीचा निकाल लागायला दोन-तीन तास गेले. शेवटी एका मुलीने तो लावला. काडीने पेटवा, समईने पेटवा, मेणबत्तीची ज्योत मेणबत्तीसारखीच होते. समईकडून ती काही घेऊन येत नाही. “आईचं नाक घेऊन येत नाही,” हे तिचेच शब्द. अनुवंशिकता हा शब्द आम्हाला तेव्हा माहीत नव्हता. बाईंनी तो त्या दिवशी सांगितलाही नाही, फक्त यादीच्या तळाशी एक रिकामी ओळ सोडली.

पुण्याच्या पाषाण भागात राहणाऱ्या एका मित्राने खाणीतला हिरवट, चौकोनी, काचेसारखा खडा आणला. तो अ‍ॅपोफिलाइट नावाच्या खनिजाचा होता. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे पाण्यातून आलेल्या क्षारांचे स्फटिक त्या पोकळ्यांत वाढले. पाषाणचा हिरवा अ‍ॅपोफिलाइट आणि वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हन्साइट जगभरातल्या संग्रहालयांत मानाने बसलेत, हे पुण्यातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. आम्हाला तेव्हा एवढंच दिसत होतं की हा खडा वाढलाय, आणि तोही शिस्तीत, चारी कोपरे सांभाळून. बाईंचा खुलासा मला जसाच्या तसा आठवतो: “खड्यावर बाहेरून थर चढतो, आणि थर त्याच पदार्थाचा असतो. तू आमटी-भात खातोस, तर तुझ्या अंगावर आमटीचा थर चढतो का? तू आमटीचा मुलगा करतोस.” मागचा बाक आठवडाभर एकमेकांना ‘आमटीचा मुलगा’ म्हणत होता. पण चयापचय म्हणजे काय हे त्या बाकालाही जन्माचं कळलं.

भिंतीकडच्यांचं काम जास्त अवघड होतं. त्यांनी खेचर काढलं. खेचराला पिल्लं होत नाहीत, मग ते निर्जीव का? (खेचर टेबलावर ठेवण्याची अट बाईंनी माफ केली.) यावर मागून प्रश्न आला की मग शाळेतल्या अविवाहित शिक्षकांना काय म्हणायचं. बाई स्वतः अविवाहित होत्या. वर्ग गप्प झाला आणि सगळ्यात मोठ्याने हसल्या त्या बाईच. पुनरुत्पादन हे एकेकट्याचं लक्षण नाही, जातीचं आहे, आणि खेचराच्या अंगातल्या पेशी तर रोज एकीच्या दोन होतच असतात, असं त्यांनी सांगितलं. हे वाक्य क्रमिक पुस्तकात नव्हतं. मला वाटतं ते असायला हवं होतं.

पण या सगळ्यांत माझी मटकी. दोन थर्मास आणले. एकात मोड आलेली मटकी घातली. दुसऱ्यात तेवढीच मटकी उकडून, निवून, बुरशी धरू नये म्हणून फॉर्मलीनच्या पाण्यातून काढून घातली. दोन्हींच्या तोंडाला कापसाचा बोळा आणि त्यातून आत गेलेला तापमापक. दुसऱ्या दिवशी उकडलेली मटकी खोलीच्याच तापमानाला होती आणि मोडाची काही अंशांनी वर. अन्न जाळून मिळणाऱ्या ऊर्जेतली काही उष्णता होऊन बाहेर पडते, हे आम्ही पारा वाचून पाहिलं. मग त्याच मटकीवरची हवा चुन्याच्या निवळीतून सोडली, ती दुधाळ झाली. शिपाईमामांचा जीव मात्र त्या मटकीत अडकला होता. एवढ्या चांगल्या मोडांची मिसळ झाली असती असं ते येताजाता म्हणत.

त्या मटकीत गणंग निघाले. रात्रभर भिजूनही टणटणीत राहिलेले दाणे. घरी आई ते वेचून टाकायची. बाईंनी ते वेगळे ठेवले आणि विचारलं, हे जिवंत की मेलेले? न वाढणारे, न फुगणारे, पारा न हलवणारे. सगळ्यांनी एकमताने मेलेले ठरवले. बाईंनी पॉलिश पेपर घेतला, एकेका दाण्याचं साल जरासं घासलं आणि पुन्हा पाण्यात टाकले. बहुतेकांना मोड आले. साल इतकं घट्ट होतं की पाणीच आत शिरत नव्हतं.

पुढे माझं पोट याच प्रश्नावर चाललं. मी बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलो आणि अजूनही तिथेच आहे. पोत्यातलं बी जिवंत आहे का, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. कोरडं बी यादीतल्या जवळजवळ प्रत्येक कसोटीत नापास होतं. वाढत नाही, हलत नाही, खाताना दिसत नाही. श्वसन करतं, पण इतकं मंद की थर्मासाला पत्ता लागू नये. पाणी जितकं कमी तितकी ही उधारी लांबते. बियातला ओलावा एका टक्क्याने उतरवला तर साठवणीतलं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. मृत समुद्राकाठच्या मसादाच्या उत्खननात सापडलेली खजुराची सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची एक बी २००५ मध्ये इस्राएलात लावली आणि तिचं झाड झालं. आमचं सोयाबीन बिचारं एका उन्हाळ्यात उगवण घालवून बसतं. साल पातळ, पोतं जोरात आपटलं तरी आतला गर्भ दुखावतो. ओलं साठवलं तर पोत्यात हात घातल्यावर गरम लागतं. शाळेतला थर्मास तिथे पोत्याच्या आकाराचा झालेला असतो, आणि तो शेतकऱ्याच्या खर्चाने तापतो.

उगवणीची रीतसर चाचणी चारशे दाण्यांची, शंभर-शंभरच्या चार वाट्यांनी करतात. सोयाबीनला आठ दिवस थांबावं लागतं आणि प्रमाणित बियाण्याला किमान सत्तर टक्के उगवण लागते. पण जून तोंडावर आला की आठ दिवस कुणाला नसतात. तेव्हा टेट्राझोलियम. हा बिनरंगी क्षार आहे. जर्मनीत गेऑर्ग लाकोन यांनी १९४०च्या दशकात तो बियाण्यांसाठी वापरात आणला. दाणे रात्रभर भिजवायचे, लागेल तिथे गर्भातून उभे कापायचे, द्रावणात घालून उबेला आणि अंधारात ठेवायचे. ज्या पेशींत श्वसन चालू असतं तिथली विकरं त्या क्षाराचा लाल रंग करून टाकतात. मेलेला भाग पांढराच राहतो. नव्या मुलांना मी पहिल्यांदा हे दाखवतो तेव्हा सांगतो की हीच ती चुन्याची निवळी, फक्त महाग.

नासाने १९७६ मध्ये मंगळावर उतरवलेल्या दोन व्हायकिंग यानांनीही असंच काहीसं केलं. मंगळाच्या मातीला खुणेचा, म्हणजे किरणोत्सारी, कार्बन घातलेलं पोषक पाणी पाजलं आणि कुणी ते खाऊन वायू सोडतं का पाहिलं. वायू निघाला. पण त्या मातीत सेंद्रिय रेणूंचा पत्ता लागेना, तेव्हा बहुतेकांनी ही मातीची रासायनिक करामत मानली. कोट्यवधी मैलांवर मेणबत्तीचाच खटला चालला, आणि काही जण तो अजून मिटला असं मानत नाहीत.

२०२०च्या टाळेबंदीत बाईंची एक गोष्ट फार आठवायची. डॉ. आंबेडकर रस्त्यावर राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. १९५२ मध्ये ती सुरू झाली तेव्हा विषाणू संशोधन केंद्र होती, आजचं नाव १९७८ पासूनचं. सहलीची बस तिच्यासमोरून जाताना बाई म्हणाल्या होत्या, “त्या आत बसलेल्या माणसांना विचारा, तुम्ही ज्यावर काम करता ते सजीव आहे का. सगळ्यांचं उत्तर एक येणार नाही.” वेंडेल स्टॅन्ली यांनी १९३५ मध्ये तंबाखूच्या पानांवरच्या विषाणूचे मिठासारखे स्फटिक काढले, आणि ते स्फटिक विरघळवून पानाला लावले की पान पुन्हा आजारी पडत असे. पेशी नाही, खाणं नाही, श्वसन नाही. पण यादीच्या तळाशी सोडलेली ती रिकामी ओळ विषाणू भरून काढतो. तो नक्कल करतो, नकलेत चुका करतो आणि त्या चुका पुढे चालवतो. नव्या व्हेरियंटच्या बातम्या वाचताना आम्ही सगळ्यांनी त्या ओळीचा अर्थ अनुभवला. १९९४ मध्ये नासाच्या एका समितीने सजीवाची व्याख्या केली ती अशी: स्वतःला टिकवणारी आणि डार्विनच्या अर्थाने उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था. व्याख्या घट्ट आहे. पण बाईंच्या खेचराला तिच्यात उभं राहायला जागा नाही, म्हणून माझा तिच्यावर थोडा राग आहे.

आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेच्या (रिक्षावाल्याला हे सांगून बघा) मंडळींनी सह्याद्रीतल्या कातळांवर अशा वनस्पतींच्या ६२ प्रजाती नोंदवल्या, ज्या उन्हाळ्यात जवळजवळ सगळं पाणी गमावून बसतात आणि पावसात पुन्हा हिरव्या होतात. आमच्या बियांना जे लहानपणी जमतं, ते यांना भर संसारात जमतं. बाई असत्या तर त्यातली एक कुंडीत घालून टेबलावर आली असती.

आमच्या प्रयोगशाळेच्या तक्त्यावर पाच रकाने असतात: सामान्य रोप, विकृत रोप, कठीण बी, न उगवलेलं पण ताजं बी, आणि मृत. गणंगांना तिसऱ्या रकान्यात सन्मानाने जागा आहे. टेट्राझोलियममध्ये मात्र भानगड होते, तिथे सक्षम आणि अक्षम एवढंच असतं. गेल्या हंगामात एका नव्या मुलीने कापलेला सोयाबीनचा दाणा भिंगाखाली धरला. दोन्ही दलं लालबुंद, फक्त मुळाचं टोक पांढरं. “सर, हा तर नव्वद टक्के जिवंत आहे. मृतमध्ये घालू?”

मी म्हटलं, उगवणार नाही, म्हणून अक्षममध्ये घाल. तिने घातलं, आणि मग भिंगावरून मान वर न करता विचारलं, “पण सर, मेला कधी म्हणायचा?” आम्ही तो दाणा तसाच द्रावणात ठेवला आणि जेवायला गेलो. ती डब्यातून मटकीची उसळ घेऊन आली होती.

(दहावी, १९८६ची तुकडी)