97व्या नावाला थांबलेला हिशोब

11 सप्टेंबर 2023, सोमवार. चतुर्थी आठवड्यावर आलेली, गणपत गल्लीत पाय ठेवायला जागा नाही आणि माझ्या दुकानात लायटिंगच्या माळा दुरुस्तीला आलेल्या. मोबाइलच्या दुकानात माळा का आणतात, हे मला आजवर कळलेलं नाही. पण बेळगावात सोल्डरिंगची गन हातात दिसली की माणूस मिक्सरसुद्धा पुढं ठेवतो.

साडेअकराला जांबोटीकडचे एक मामा आले. त्यांच्या गावात त्यांचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ 140 जण दूध घालतात, लिटर आणि फॅट टॅबमध्ये टिपायचं, दर दहा दिवसांनी बिल. हा टॅब मीच 2022 मध्ये रूट करून दिला होता, म्हणजे एरवी बंद असलेल्या सिस्टमच्या आतल्या फाइलींपर्यंत पोचायचा पूर्ण हक्क उघडून दिला होता. कारण साधं होतं. त्यांचं हिशोबाचं ॲप बनवणाऱ्यांनी गाशा गुंडाळला होता, ॲपमधलं एक्स्पोर्टचं बटण मेलं होतं, आणि डेटाबेस होता ॲपच्या खासगी फोल्डरमध्ये. तिथं रूटशिवाय हात पोचत नाही. म्हणून रूट करून एक छोटी स्क्रिप्ट बसवली होती: दर महिन्याच्या 1 तारखेला डेटाबेसची प्रत मेमरी कार्डवर.

"काल रात्री काहीतरी आलं बघ," मामा म्हणाले. "निळं बटण होतं, दाबलं. सकाळी ॲप उघडतंय आणि लगेच मिटतंय."

टॅब कन्नडमध्ये होता. नातू कन्नड शाळेत, त्यानं भाषा बदललेली. मामा कन्नड बोलतात फाडफाड, वाचता मात्र येत नाही. सिस्टम अपडेटची सूचना आली, त्यांनी मान डोलावली. दोष त्यांच्या एकट्याचा नव्हता. डेव्हलपर ऑप्शनमधली 'आपोआप सिस्टम अपडेट' ही खटकी मी बंद करायला हवी होती, ती विसरलो होतो.

अँड्रॉइड 12 चं 13 झालं होतं. रूट देणारं मॅजिस्क ॲप जागेवर, पण त्यात 'इन्स्टॉल्ड'समोर 'एन/ए', म्हणजे काहीच बसलेलं नाही. मॅजिस्क बूट इमेजमध्ये, म्हणजे टॅब जिच्यावरून सुरू होतो त्या फाइलमध्ये बसतं. या टॅबमध्ये सिस्टमचे ए आणि बी असे दोन स्लॉट, म्हणजे दोन जागा: एक चालू, दुसरी अपडेटसाठी. अपडेटनं दुसऱ्या स्लॉटमध्ये कोरी बूट इमेज लिहिली आणि टॅब तिथून सुरू झाला. रूट गेलं ते असं.

मेमरी कार्डवर 1 तारखेपर्यंतची प्रत होती. म्हणजे नेमके बिलाचे दहा दिवस नाहीत. पावत्या थर्मल कागदाच्या, अर्ध्या पुसट, अर्ध्या चुलीत. आणि दुसऱ्या दिवशी बिल द्यायचं. चतुर्थीचा बाजार त्याच पैशावर.

आधी ते दुसऱ्या एका दुकानात जाऊन आले होते. तिथला पोरगा म्हणाला, रिसेट मारून देतो, दोनशे रुपये. मामांना 'रिसेट' शब्दाची का कोण जाणे भीती वाटली आणि ते उठून आले. ती भीती लाखमोलाची ठरली, कारण रिसेट म्हणजे सगळा डेटा साफ. दुसरा धोका बूटलोडरचा, म्हणजे सिस्टमच्या आधी चालून तिला सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा. तो अनलॉक ठेवलेला असल्यानं टॅब चालू करताना दर वेळी पाच सेकंद 'ऑरेंज स्टेट'चा इशारा येतो. ते बघवत नाही म्हणून कुणी तो पुन्हा लॉक केला असता, तर डेटा तिथंच साफ.

"चिप काढून वाचता येत नाही का?" बाजूच्या दुकानातला मित्र म्हणाला. नाही येत. डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो. टॅब स्वतः सुरू होऊन, पिन घालून उघडला, तरच तो वाचता येतो. जुन्या स्लॉटवर परतायचाही मोह झाला. पण नव्या सिस्टमनं चाळलेला डेटा जुनीला पचेलच असं नसतं, आणि पुष्कळ टॅबमध्ये अपडेट मुरलं की जुना स्लॉट नावापुरताच उरतो. तो नाद सोडला.

मग उरला एकच रस्ता: नव्या बिल्डचीच (सिस्टमच्या नेमक्या त्याच आवृत्तीची) बूट इमेज मिळवायची, मॅजिस्ककडून पॅच करून, म्हणजे तिच्यात रूट घालून घ्यायची आणि तिच्यावर टॅब सुरू करायचा. ती इमेज ज्यात मिळते ते फर्मवेअर, म्हणजे टॅबचं अख्खं सिस्टम सॉफ्टवेअर, तीन जीबीच्या वर. 60 टक्क्यांवर करंट गेला. इन्व्हर्टरवर राउटर चालला, पण बाहेरची केबलच झोपली. मामा बाकावर बसून माळांचे बल्ब मोजत होते. शेवटी मोबाइलच्या नेटवर उतरवून घेतलं.

इमेज पॅच झाली. मी ती लगेच टॅबमध्ये लिहिली नाही. फास्टबूटमध्ये (टॅब लॅपटॉपला जोडून हुकूम द्यायची सोय) इमेज न लिहिता नुसती तिच्यावर टॅब सुरू करून बघता येतो. सगळेच टॅब हे ऐकत नाहीत, हा ऐकतो. एंटर दाबलं. लोगो आला आणि तिथंच बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मामा काही बोलत नव्हते, फक्त माझ्या तोंडाकडे बघत होते. ते जास्त अवघड.

बिल्ड नंबर पुन्हा वाचला. आवृत्ती 13 च, पण शेवटचं एक अक्षर वेगळं. दुसऱ्याच बिल्डची इमेज उतरवली होती. लिहिली असती तर तेवढ्यावर टॅब लोगोपाशीच अडकला असता. इथं पॉवरचं बटण दाबून धरलं आणि टॅब जसा होता तसा परत आला. पुन्हा तीन जीबी.

दुपारी साडेचारला बरोबरची इमेज चालली. मॅजिस्कमध्ये आवृत्तीचा आकडा दिसला. रूट कायमचं बसवायच्या आधी डेटाबेस बाहेर काढला, लॅपटॉपवर उघडला आणि मामांना खुर्चीवर बोलावलं. 1 तारीख, 2, 3... 10 तारखेची सकाळ, सगळं होतं. 10 तारखेची संध्याकाळ मात्र 97व्या नावाला थांबली.

"पुढची 43 कुठं गेली रे?"

माझ्याही पोटात गोळा आला. दोन मिनिटांनी स्वतःच्या डोक्यावर टपली मारली. एसक्यूलाइट, म्हणजे ॲपचा डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर, नव्या नोंदी पुष्कळदा थेट मुख्य फाइलमध्ये घालत नाही. शेजारी त्याच नावाची, शेवटी 'वॉल' लागलेली फाइल असते. नोंदी आधी तिच्यात साठतात, मग ढिगानं मुख्य फाइलमध्ये जातात. रात्री अपडेट होऊन टॅब पुन्हा सुरू झाला तेव्हा शेवटच्या नोंदी तिच्यातच राहिल्या होत्या. सकाळपासून ॲप उघडताच मिटत असल्यानं तिला कुणी हात लावला नव्हता. मी घाईत एकटी मुख्य फाइल उचलली होती. आणि माझी ती स्क्रिप्टसुद्धा वर्षभर दर महिन्याला हेच करत आली होती.

मुख्य फाइल, 'वॉल' आणि 'वॉल'ची सूची ठेवणारी तिसरी, अशा फोल्डरमधल्या तिन्ही फाइली एकत्र आणल्या. 140 नावं.

तरी मामांचा विश्वास बसेना, आणि तो बसू नये हेच बरं. त्यांनी घरी फोन लावला. त्यांच्या घरच्या म्हशीचं दूध रोज सगळ्यात शेवटी घालतात. "अगो, कालची सांजची पावती बघ. डब्याखाली हाय." रेंज जात-येत होती. मामी तिकडून ओरडून वाचत होत्या: चार पॉइंट दोन लिटर, फॅट सहा पॉइंट आठ. मी स्क्रीनवरची शेवटची ओळ मामांपुढं केली. 4.2. 6.8. मामांनी फोन खिशात घातला आणि पहिल्यांदा चहा मागितला.

त्या ॲपचा नाद मी सोडायला लावला. हिशोब साध्या तक्त्यात उतरवला, सकाळच्या वहीतल्या नोंदी बाजूला ठेवल्या, 140 बिलं छापून दिली. रूट मग कायमचं बसवलं, अपडेटची ती खटकी बंद केली, स्क्रिप्ट तिन्ही फाइली उचलेल अशी करून रोज रात्रीवर लावली आणि टॅबची भाषा मराठी केली.

"नातू रागवेल," मामा म्हणाले.

"त्याला सांगा, दूध घालायला तू बस मग."

शेवटची बस गाठायची म्हणून ते उठले. दारातून परत आले आणि पिशवीतून चिकाची बाटली काढून काउंटरवर ठेवली. सकाळपासून माळांच्या ढिगाशेजारी उकाड्यात होती ती. आईनं रात्री खरवस लावला, फुटला.