बारमाही म्हणजे संक्रांतीपर्यंत

आमचा तंबू दोन वर्षं माळ्यावर पडून होता. चार माणसांचा म्हणून घेतलेला, प्रत्यक्षात तीन माणसं आणि एक कूस वळवायची बंदी. घेतला तेव्हा उत्साह फार. पण पहिलीच रात्र आम्ही धरणाकाठच्या एका ‘कॅम्पसाइट’वर काढली आणि त्यानंतर तो बाहेर काढायची इच्छाच मेली. शंभरेक तंबू दाटीवाटीने, दोरीला दोरी लागलेली, रात्री दीडपर्यंत स्पीकर. पहाटे जरा डोळा लागतोय तोवर शेजारच्या तंबूतले काका फोनवर कोणाला तरी ‘एकदम निसर्गात आहोत’ असं सांगत होते. लेक तेव्हा नऊ वर्षांची. ती म्हणाली, “आई, आपल्या सोसायटीची गच्ची याच्यापेक्षा शांत आहे.” खरं होतं.

मग एका शनिवारी अप्पा बळवंत चौकात शाळेच्या वह्या घ्यायला गेले असताना जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक पुस्तक हाती लागलं. मुखपृष्ठ नाही, पहिली आठ पानं गायब, त्यामुळे लेखक कोण आणि पुस्तकाचं नाव काय हे आजही मला माहीत नाही. आत पुण्याभोवतालचे किल्ले, घाटवाटा, पठारं आणि प्रत्येकाखाली चार ओळी: पायथ्याचे गाव, चढाई, पाणी, मुक्काम. शेवटच्या पानावर 1987 आणि किंमत 35 रुपये. दुकानदाराने 80 सांगितले, मी 80 दिले. घासाघीस न करता पुस्तक घेतलं म्हणून नवऱ्याला घरी आल्यावर माझी तब्येत विचारावीशी वाटली.

मोबाइलवर सगळं मिळतं, हे मलाही ठाऊक आहे. पण तिथे जागेचं नाव टाकलं की आधी पॅकेजेस येतात: तंबू, बार्बेक्यू, पिकअप पॉइंट. मला हवी होती अशी जागा जिथे पाणी आहे, सपाटी आहे, विचारायला माणूस आहे आणि पॅकेज नाही. या चार गोष्टी त्या पुस्तकात प्रत्येक पानावर होत्या, म्हणजे तेव्हा तरी मला तसं वाटलं.

पहिली फजिती एप्रिलमध्ये झाली. मावळातला एक लहानसा गड, नाव नको, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. पुस्तकात होतं, ‘बालेकिल्ल्याच्या खालच्या अंगास बारमाही टाके. पाणी थंड व गोड. शेजारी दहा माणसे झोपतील एवढी ऐसपैस गुहा.’ आम्ही सहा जण: मी, नवरा, लेक, नणंद, तिचे यजमान आणि भाचा. पाणी वर मिळणारच म्हणून सगळ्यांत मिळून चार लिटर घेतलेलं, त्यातलं तीन चढतानाच संपलं. टाक्यात डोकावलो तर तळाला ओली माती, एक चप्पल आणि बेडूक. बेडूक होता म्हणजे ओल होती, एवढंच. गुहा ऐसपैस होती, पण वटवाघळांना. अंधार पडता पडता विजेऱ्या लावून खाली उतरलो आणि गावच्या मारुतीच्या ओसरीवर झोपलो. गावकऱ्यांनी विचारलं ते फक्त एवढंच, “वर पाणी नाही हे खाली कुणाला विचारलं नाही का?” नव्हतं विचारलं. पुस्तकात लिहिलंय ना!

घरी येऊन मी ते पुस्तक चिडून पुन्हा वाचलं आणि चिडून वाचल्यामुळेच नीट वाचलं गेलं. लेखकाने अधूनमधून स्वतःच्या सहलींचे उल्लेख केले होते. ‘दिवाळीच्या सुट्टीत’, ‘नाताळच्या सुमारास’, ‘संक्रांतीच्या आदल्या दिवशी’. सगळी पानं चाळली. फेब्रुवारीनंतरचा एकही उल्लेख नाही. गृहस्थ उन्हाळ्यात कधी डोंगरात गेलेच नव्हते. त्यांचं ‘बारमाही’ म्हणजे त्यांनी जेव्हा जेव्हा पाहिलं तेव्हा तेव्हा होतं. सह्याद्रीत पाऊस चार महिने धो धो कोसळतो, पण खालचा काळा कातळ पाणी फारसं धरून ठेवत नाही. कातळात खोदलेलं टाकं हे बरेचदा पावसाचं साठवण असतं, झरा नव्हे. खांबटाकं असेल, म्हणजे खांबांवर छत पेललेलं, आत सावलीत खोलवर गेलेलं, तर मे महिन्यातही टिकतं. उघडं टाकं होळीला तळ दाखवतं. तेव्हापासून मी ‘बारमाही’ शब्दापुढे पेन्सिलीने ‘सं.’ लिहू लागले. संक्रांतीपर्यंत.

दुसरी युक्ती नणंदेच्या यजमानांची. ते कॉलेजात भूगोल शिकवतात आणि प्रत्येक गोष्टीचा प्रमाणभूत एकक काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ते म्हणाले, “वहिनी, आधी या माणसाला मोजा. तुम्हाला पाठ असलेल्या जागेबद्दल तो काय लिहितो ते बघा.” पुणेकरांना पाठ असलेली जागा म्हणजे सिंहगड. आतकरवाडीतून चढाई, पुस्तकात ‘एक तास, रमतगमत’. मला दीड तास लागतो, रमत नाही आणि गमत तर नाहीच. म्हणजे याचा एक तास म्हणजे माझा दीड, आणि मुलं व पाठीवर तंबू असेल तर दोन. देवटाक्याच्या पाण्याबद्दल मात्र त्याने लिहिलेलं अक्षर न् अक्षर बरोबर, चवीसकट. वाटेचं वर्णनही चोख. म्हणजे वाटांसाठी माणूस विश्वासाचा, वेळेसाठी नाही, पाण्यासाठी निम्मा. सोप्या-अवघडाच्या बाबतीत तर उलटा हिशेब होता. जिथे त्याने ‘थोडेसे दृष्टिभय’ लिहिलंय, म्हणजे खाली बघितलं की पाय लटपटावेत अशी वाट, तिथे मी मुलांना नेत नाही. ‘किंचित घसारा’, म्हणजे पाय घसरणारी सुटी माती, असेल तर काठी नेते.

मग नकाशे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 चे नकाशे 2017 पासून फुकट उतरवून घेता येतात. बारावीला भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आपण हे शिकतो आणि परीक्षा संपताच विसरतो: 1 सेंटिमीटर म्हणजे 500 मीटर, दोन समोच्चरेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, 20 मीटरचा फरक, रेषा जवळजवळ असतील तर कडा, लांब असतील तर सपाटी. तंबूवाल्याला हव्यात लांबलेल्या रेषा आणि जवळ निळा रंग. निळी रेघ बारमाही प्रवाहाची, काळी रेघ कोरड्या ओढ्याची. यजमानांनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, शेजारी पुस्तक ठेवलं आणि आम्ही एकेक मुक्काम ताडून बघू लागलो. निम्मे तिथेच बाद. एका पानावर भोरच्या पलीकडे नदीकाठी ‘हिरवळीचा उत्तम मुक्काम’ होता. नकाशात त्या जागी नीरा-देवघर धरणाचं पाणी. हिरवळ आता माशांची.

काही जागा कायद्याने बाद झाल्या. लोहगडाच्या पानावर ‘गुहेत मुक्काम करावा’ असं बिनधास्त लिहिलंय. तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडचा संरक्षित किल्ला, आणि अशी स्मारकं सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच उघडी असतात. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले त्यांत लोहगड आणि राजगडही आहेत. त्यामुळे जुन्या पुस्तकाच्या भरवशावर तिथे पथारी टाकायला जाऊ नये. अभयारण्यातल्या जागांसाठी वन खात्याला आधी फोन. मी यादीतून संरक्षित किल्ले सरळ काढून टाकले. मला किल्ला सर करायचा नव्हता, झोपायचं होतं.

आणि एक रकाना त्या पुस्तकात नव्हताच, कोणत्याच पुस्तकात नसतो. आडोसा. लिहिणारे सगळे बाप्ये, त्यांना प्रश्नच पडत नाही. उघड्या पठारावर सकाळी सहाला तीन बायका आणि चारी बाजूंना क्षितिज, या परिस्थितीला निसर्गसौंदर्य म्हणत नाहीत. मी समासात स्वतःचा रकाना सुरू केला: ‘आडोसा: आहे / नाही / कारवीत’ (कारवी म्हणजे डोंगरातली दाट झुडपं). सोबत एक खुरपं. पाण्यापासून निदान 60-70 मीटर लांब, वीतभर खड्डा, नंतर माती. मुलांना हे एकदा समजावलं की त्यांना खजिना पुरायला निघाल्यासारखं वाटतं.

या सगळ्या चाळण्यांतून जी दोन-तीन पानं उरली त्यांतलं एक रायरेश्वर. पुस्तकातल्या ओळी: ‘भोरहून आंबवडेमार्गे कोर्ले. तेथून चढाई दोन तास. पठार विस्तीर्ण. महादेवाचे देऊळ. जंगमांची घरे आहेत, सांगितल्यास जेवण करून देतात. तांदूळ व पीठ सोबत न्यावे.’ माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा शब्द ‘घरे’. जिथे माणसं वर्षभर राहतात तिथे पाणी वर्षभर असतं. त्यासाठी लेखकावर विश्वास ठेवावा लागत नाही. शिवाजी महाराजांनी 1645 मध्ये स्वराज्याची शपथ घेतली ती याच देवळात, असं परंपरा सांगते. लेकीच्या इतिहासाच्या पुस्तकात तो प्रसंग होता, म्हणून तिचं मत लगेच पडलं.

जानेवारीच्या शेवटी गेलो. आता केंजळगड आणि रायरेश्वराच्या मधल्या खिंडीपर्यंत गाडी जाते, तिथून थोडी चढण आणि मग लोखंडी शिड्या. दोन तासांचा दुप्पट हिशेब करून निघालेलो आम्ही दुपारी तीनलाच वर. पठार साडेचार हजार फुटांच्या आसपास, इतकं लांब की दुसरं टोक दिसत नाही. देवळाजवळ एका घरापुढे एक मावशी धान्य पाखडत होत्या. या वेळी मी शहाणी होते. तंबू खांद्यावरून न उतरवता आधी त्यांच्यापाशी जाऊन बसले.

मी जागा हेरून ठेवली होती. पठाराच्या कडेला, सूर्यास्तासमोर, फोटोत काय दिसेल अशी. मावशींनी बघितलंही नाही तिकडे. “कडंला नका लावू ताई. रातच्याला वारं फिरतं. मागं एकांचं सगळं बोचकं उडून खाली गेलं.” मग मी बोट दाखवलं ते एका छानशा खोलगट हिरव्या तुकड्याकडे. त्यालाही नकार. “तिथं दव पडतं. सकाळी पिळून काढाल सगळं.” हे मला पुस्तकातून कळलं नसतं, पण कळायला हवं होतं. थंड हवा जड, ती रात्री उतारावरून घरंगळत खोलगटात साचते. शेवटी त्यांनी सांगितलेली जागा म्हणजे त्यांच्या गवताच्या गंजीमागचं पीक काढलेलं वावर. फोटोत अगदीच सामान्य. एका बाजूला गंजी, दुसऱ्या बाजूला दगडी बांध, जमीन जराशी उताराची. डोकं वरच्या बाजूला करून झोपलो.

चूल त्यांनी वापरू दिली नाही तंबूजवळ. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. चहापुरता आमचा छोटा गॅस होता, तोही ओट्यावर. जेवायला पिठलं, भाकरी आणि इतका झणझणीत ठेचा की भाच्याने पाण्याची बाटली कुशीत घेऊन जेवण केलं. नणंदेने संध्याकाळी अत्तर लावलं होतं त्यावरून यजमानांनी तिला अर्धा तास आग्या मोहोळावर व्याख्यान दिलं. उग्र वासाने मधमाश्या उठतात हे खरं आहे, पण अर्धा तास? रात्री वारा खरोखर फिरला. साडेअकराच्या सुमाराला पठाराच्या कडेकडून असा काही आवाज येऊ लागला की एसटी घाट चढतेय असं वाटावं. गंजीमागे आमच्या तंबूचं कापड फक्त हलकेच फुगत आणि बसत होतं. लेक झोपेत म्हणाली, “स्पीकर बंद केला का त्यांनी?” आणि कूस वळवायचा प्रयत्न केला.

सकाळी मी समासात लिहायला पुस्तक बाहेर काढलं. मावशींनी विचारलं, “काय वाचताय?” तुमच्याबद्दलच लिहिलंय म्हणाले आणि ती ओळ वाचून दाखवली, ‘जंगमांची घरे आहेत, सांगितल्यास जेवण करून देतात.’ त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. “कधीचं हाय?” म्हटलं, 1987 चं. त्यांनी मनात हिशेब केला. “मग सासूबाई असणार माझ्या. मी त्याच्या मागनं आले.” मग ‘तांदूळ व पीठ सोबत न्यावे’ वाचल्यावर हसायलाच लागल्या. “आता गाडी येती खिंडीत. पीठ कशाला आणताय?”

“मग आता येताना काय आणू?”

त्यांनी थोडा विचार केला. “बॅटरीचं सेल आणा. मोठं. लाइट गेली की दोन-दोन दिवस येत न्हाई.”

‘तांदूळ व पीठ’ खोडलं. वर लिहिलं: सेल, मोठे, चार. आडोसा: गंजीमागे, उत्तम.