शिकवणारे आधी काय करत होते?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर ओसरल्यावर मी सांगलीत समुपदेशक म्हणून काम करत होते. 'काय वाटतं?' असं विचारलं की बायका शरीराचंच सांगायच्या. आभाळ भरून आलं की पोटात गोळा येतो. छातीत धडधडतं. रात्री पाय ओले झाल्यासारखे वाटतात आणि जाग येते. एम.ए.ला मी विचारांवर, बोलण्यावर काम करायला शिकले होते. पोटातल्या गोळ्याचं काय करायचं हे कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून शरीराच्या वाटेने मानसिक आघातावर काम करण्याचं एक दोन दिवसांचं शिबिर केलं. पहिल्याच तासाला शिक्षकांनी सगळ्यांना डोळे मिटून सर्वांत वाईट प्रसंग आठवायला सांगितला. माझ्या शेजारची मुलगी थरथर कापायला लागली. 'सगळं बाहेर पडू दे,' एवढंच ते म्हणाले. जेवणाच्या सुट्टीतही ती थांबेना, मी तिचा हात धरून बसले. संध्याकाळी त्यांना विचारलं, 'सर, याआधी तुम्ही काय करत होता?' असंच एक शिबिर केलं होतं आणि मग शिकवायला लागले, असं ते म्हणाले.

त्यानंतर ज्या पद्धतीचं नाव कानावर येई, तिच्या प्रवर्तकाची पूर्वपीठिका मी वाचत गेले. सोमॅटिक एक्सपीरियन्सिंगचे पीटर लेव्हिन यांची बर्कली विद्यापीठाची डॉक्टरेट वैद्यकीय जैवभौतिकशास्त्रातली. सेन्सरीमोटर सायकोथेरपीच्या पॅट ऑग्डेन १९७०च्या दशकात मनोरुग्णालयात काम करायच्या, योग आणि नृत्यही शिकवायच्या. डेव्हिड इमर्सन योगशिक्षक, पण त्यांनी मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्याबरोबर काम केलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, पीटीएसडी (मानसिक आघातानंतर रेंगाळणारा विकार) असलेल्या आणि उपचारांनी फरक न पडलेल्या ६४ स्त्रिया होत्या. दहा आठवड्यांनी योगाच्या गटातल्या ५२ टक्के स्त्रिया पीटीएसडीच्या निकषांत बसत नव्हत्या, दुसऱ्या गटातल्या २१ टक्के. शरीराच्या वाटेनेच काम करणारे मानसशास्त्रज्ञ राजा सेल्वम यांनी २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतल्या मच्छीमार वस्त्यांत काम केलं, हे वाचून मी बराच वेळ थांबले. तिथेही भीती पाण्याचीच होती.

पदव्या सगळ्यांच्या वेगळ्या. म्हणून मी पदवी विचारणं सोडून दिलं. फोन करून विचारायला लागले: तुमचा मूळ व्यवसाय कोणता, आजही लोकांना तपासता का, स्वतः किती सत्रं घेतलीत, आणि समोरच्याला जीव द्यावासा वाटत असेल तर काय करता? एकांना राग आला. एक फिजिओथेरपिस्ट बाई मात्र लगेच म्हणाल्या, 'अशा माणसाला मी आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते. तुम्हीही तेच करायचं.' मी त्यांच्याकडेच प्रवेश घेतला.

त्यांच्याबरोबर आणखी एक बाई शिकवायच्या. त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या. कुणाला आधी औषधांची गरज आहे हे त्या शिकवायच्या. फिजिओ बाईंनी हाडं मोडलेली माणसं वर्षानुवर्षं पाहिलेली. दुखरा भाग जपायला आजूबाजूचे स्नायू कसे आखडून बसतात हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. तरी खांद्याला हात लावण्याआधी त्या विचारायच्या आणि उत्तराची वाट बघायच्या. होकार घाईत आला तर पुन्हा विचारायच्या. ही सवय मला कुठल्याही पुस्तकातून लागली नसती. प्रमाणपत्र मिळालं तेव्हा दोघींनीही बजावलं, की हा उपचाराचा परवाना नाही. आपल्या मूळ व्यवसायाची मर्यादा तीच राहते.

पुढच्या पावसाळ्यात एका मावशींना मी विचारलं, गोळा केवढा आहे? 'लिंबाएवढा.' अंगात कुठे बरं वाटतंय? त्यांनी बराच वेळ घेतला. मी मध्ये बोलले नाही. मग त्यांनी दोन्ही तळपाय फरशीवर नीट टेकवले.

'हितं,' त्या म्हणाल्या. 'जमीन कोरडी हाय.'

त्या दिवशी आम्ही तेवढ्यावरच थांबलो.