बेअरिंगमधल्या पांढऱ्या भेगा

पवनचक्कीच्या गिअरबॉक्सचं रोलर बेअरिंग आमच्या लॅबमध्ये आलं, तेव्हा पाठवणाऱ्यांचा निकाल आधीच ठरलेला होता: तेल कमी पडलं. बेअरिंगच्या आयुष्याचा हिशेब 20 वर्षांचा, आणि इनर रिंगवर (आतल्या कड्यावर) अक्षाला समांतर चीर मात्र पहिल्या काही वर्षांतच.

पोलाद बेअरिंगचं नेहमीचंच, 52100 ग्रेडचं. कार्बन सुमारे 1 टक्का, क्रोमियम दीड. वर्कशॉपमध्ये यालाच ईएन 31 म्हणतात. खरी कसरत ते कापताना. कटर जरा तापला की आतली रचना बदलते आणि आपण आपणच केलेली इजा तपासत बसतो. म्हणून भरपूर कूलंट, हात अगदी हलका. माउंटिंगही, म्हणजे पॉलिशसाठी तुकडा राळेत बसवणं, थंड इपॉक्सीत. बेकेलाइटचं गरम माउंटिंग साधारण 150 अंशांच्या वर होतं आणि या पोलादाचं टेंपरिंगही (कडक केल्यावर ठिसूळपणा कमी करायला पुन्हा बेताने तापवणं) त्याच्याच आसपास झालेलं असतं. कशाला विषाची परीक्षा?

पॉलिश करून इचिंगसाठी नायटल लावलं, म्हणजे आतली रचना उठून दिसावी म्हणून अल्कोहोलमधलं सौम्य नायट्रिक ॲसिड. दिसलं ते तपकिरी मार्टेन्साइट, म्हणजे कडक केलेल्या पोलादाची रचना, त्यात कार्बाइडचे बारीक ठिपके, आणि पृष्ठभागाखाली फांद्या फुटलेली चीर, जिच्या कडेने पांढरे पट्टे. हे पांढरं म्हणजे नॅनोमीटरच्या मापाचे फेराइटचे (जवळपास शुद्ध लोखंडाचे) कण. नायटलचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. मायक्रोहार्डनेसमध्येही ते आजूबाजूपेक्षा कठीण निघालं.

'ग्राइंडिंग बर्न असेल,' म्हणजे कारखान्यात ग्राइंडिंग करताना तापून झालेली इजा, असं एक सहकारी म्हणाला. शंका रास्त होती. पण बर्नचा पांढरा थर वरच्या कातडीत असतो आणि त्याखाली जास्त टेंपर झालेला काळपट पट्टा दिसतो. इथे वर काहीच नव्हतं. मग चीर कुठवर जाते ते पाहायला थोडं घासायचं, पॉलिश, इचिंग, फोटो, पुन्हा घासायचं. कंटाळवाणं काम, पण एका छेदात आतच संपलेली वाटणारी चीर पुढच्या एका छेदात थेट रेसवेला, म्हणजे रोलर धावतात त्या पृष्ठभागाला, जाऊन मिळाली. एका ऑक्साइड कणाला दोन्ही बाजूंनी पांढरे पंख फुटलेले, तेही सापडले. याला आमच्यात बटरफ्लाय म्हणतात.

रिपोर्टमध्ये तेलाला मी निर्दोष सोडलं, निदान कमी पडल्याच्या आरोपातून. रेसवेवर फिनिशिंगच्या रेघा न झिजता शाबूत होत्या, तापल्याची निळसर झाक कुठेच नव्हती. अशा पांढऱ्या भेगांचं मूळ कारण तेलातून सुटणारा हायड्रोजन, भटका विद्युतप्रवाह की रोलरचं घसरणं, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. मीही एकाचं नाव छातीठोकपणे लिहिलं नाही. तेलातल्या ॲडिटिव्हची यादी मागवली, जनरेटरचं अर्थिंग तपासायला सांगितलं आणि बदली बेअरिंग ब्लॅक ऑक्साइड कोटिंगचं घ्या, असं सुचवलं.