आमची वाटचाल: पांढरकवड्यातून लॅबच्या मशिनी

आमची फर्म पांढरकवड्यात आहे. पॅथॉलॉजी लॅबला लागणाऱ्या मशिनी आम्ही विकतो, बसवतो, दुरुस्त करतो आणि त्यांचे रीएजंट, म्हणजे टेस्टला लागणारी रसायनं, पुरवतो. रक्तातल्या पेशी मोजणारे सेल काउंटर, शुगर-युरियासारख्या टेस्ट करणारे सेमी-ऑटो (अर्धं काम हाताने) आणि फुल्ली-ऑटो (सगळं आपोआप) बायोकेमिस्ट्री अ‍ॅनालायझर, सोडियम-पोटॅशियम मोजणारा इलेक्ट्रोलाइट अ‍ॅनालायझर, हा मुख्य माल. गिऱ्हाईक म्हणजे वणी, मारेगाव, झरी, घाटंजी, आर्णी, राळेगाव आणि पैनगंगेपलीकडे कोरपना-राजुऱ्यापर्यंतच्या छोट्या लॅब आणि थोड्या खाटांचे खासगी दवाखाने. हा धंदा नागपूरलाच करायचा असतो, असं सुरुवातीला सगळ्यांनी सांगितलं. आम्ही तो इथे केला, कारण मशीन बिघडते ती इथे.

मी यवतमाळला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि नागपूरच्या एका वितरकाकडे सर्व्हिस इंजिनिअर म्हणून लागलो. माझ्या वाट्याला यवतमाळ आणि चंद्रपूर हे दोन जिल्हे आले. तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी लॅबमध्ये रंगाचा गडदपणा मोजणारा कलरीमीटर, नमुने गरम ठेवायचा वॉटर बाथ आणि मायक्रोस्कोप एवढंच सामान असे. हिमोग्लोबिन साहलीच्या नळीत रंग जुळवून बघायचं, पांढऱ्या पेशी न्यूबाउअर चेंबर नावाच्या काचेवरच्या चौकोनांत डोळ्यांनी मोजायच्या. ते काम करणारी माणसं तयारीची होती, त्यांच्या नजरेला मी आजही मानतो. पण पावसाळ्यात तापाचे पेशंट वाढले, की एकटा माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत चेंबरवर वाकलेला असायचा, आणि शेवटच्या सँपलला तो किती थकलेला आहे हे रिपोर्टवर लिहिलेलं नसायचं.

मशिनींनी हे बदललं. अमेरिकन संशोधक वॉलेस कूल्टर यांच्या पेशी मोजायच्या पद्धतीला १९५३ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. पातळ केलेलं रक्त एका बारीक छिद्रातून ओढायचं, त्याच छिद्रातून वीजप्रवाह सोडायचा, आणि प्रत्येक पेशी जाताना त्या प्रवाहात होणारा अडथळा मोजायचा. अरुंद फाटकातून शेळ्या एकेक करून मोजाव्यात, तसं. अडथळा जितका मोठा, तितकी पेशी मोठी. लेनर्ड स्केग्ज यांच्या कल्पनेवरचा ऑटोअ‍ॅनालायझर टेक्निकॉन कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणला, आणि शुगर-युरियासारख्या टेस्टही हाताने ढवळायच्या राहिल्या नाहीत. आज घाटंजीच्या लॅबमधला छोटा थ्री-पार्ट (पांढऱ्या पेशींचे तीन गट दाखवणारा) काउंटर कूल्टर यांच्याच तत्त्वावर चालतो आणि मिनिटाच्या आसपास सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची पूर्ण मोजणी, काढून देतो.

पण ही मशीन बनवणाऱ्याने जी वीज, जे पाणी आणि जी हवा गृहीत धरलेली असते, ती आमच्याकडे नसते. माझी सगळी नोकरी आणि नंतरचा सगळा धंदा या एका गोष्टीभोवती फिरला.

आधी वीज. रब्बीच्या हंगामात शेतातले पंप सुरू झाले, की व्होल्टेज खाली येतं आणि अचानक वर उडी मारतं. त्यावर ऑनलाइन यूपीएस हा उपाय सगळ्यांना माहीत असतो. अर्थिंगचं मात्र कुणी बघत नाही. आमची जमीन काळी कापसाची. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, तेव्हा अर्थिंग उत्तम. उन्हाळ्यात तीच जमीन आक्रसते, भेगा पडतात आणि अर्थिंगच्या सळईपासून माती सुटते. मग न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब, जो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा, तो कितीतरी वर जातो. सेल काउंटर फार बारीक विजेच्या ठोक्यांवर पेशी मोजतो. अर्थिंग बिघडलं की तो प्लेटलेटच्या जागी विजेचा कचरा मोजू लागतो. प्लेटलेट ही सगळ्यात लहान पेशी, म्हणून मार पहिला तिला बसतो. आम्ही कुठेही मशीन पोचवण्याआधी मल्टीमीटर घेऊन जातो. गरज असेल तर कोळसा-मीठ घालून नवा खड्डा करायला लावतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्यात पाणी ओतत राहा म्हणून बजावतो. मारेगावकडचे एक लॅबवाले काका म्हणाले होते, "भाऊ, मशीन घेतो म्हटलं त तुमी मले खड्डा काहून खोदाले सांगता?" त्यांच्या लॅबमध्ये आता तुळशीला आणि अर्थिंगला रोज पाणी घातलं जातं.

दुसरं पाणी. फुल्ली-ऑटो मशीन तिच्या क्युव्हेट (टेस्ट होते त्या छोट्या नळ्या) स्वतः धुते आणि पुन्हा वापरते, म्हणून तिला शुद्ध, क्षार काढलेलं पाणी लागतं. आमच्या बोअरचं पाणी जड. प्यायचा आरओ लावून भागेल असं अनेकांना वाटतं, पण त्या पाण्यात मशीनच्या हिशेबाने अजून बरेच क्षार असतात. नळ्यांत पांढरा थर धरतो, सँपल ओढणाऱ्या प्रोबचं तोंड बारीक होतं, आणि कॅल्शियमची टेस्ट तर सरळ चुकते, कारण धुण्याच्या पाण्यातलंच कॅल्शियम मोजलं जातं. म्हणून आरओच्या पुढे उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनची नळी, तिच्यावर पाण्यातले क्षार दाखवणारा कंडक्टिव्हिटी मीटर, आणि काटा वर गेला की रेझिन बदलायचं. मशीनच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे, पण कोटेशनमध्ये तो दिसला की लोक दुसऱ्या वितरकाकडे जातात. तरी आम्ही तो लिहितोच.

तिसरी गोष्ट उन्हाळा, आणि इथे मला जरा थांबावंसं वाटतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. रीएजंट २ ते ८ अंशांत ठेवायचे असतात. ग्लुकोजचं रीएजंट थोडं सोसून घेतं. पण एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट), युरिया यांसारख्या टेस्टमध्ये एनएडीएच नावाचा नाजूक पदार्थ असतो. मशीन ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात तो किती वेगाने कमी होतो हे बघते आणि त्यावरून आकडा काढते. खोका दुपारभर एसटीच्या टपावर किंवा बंद गाडीत तापला, तर एनएडीएच आधीच घटलेला असतो. त्यात खऱ्या काविळीचा, खूप जास्त एसजीपीटीचा पेशंट आला, की उरलेला एनएडीएच मशीनने वाचायला सुरुवात करण्याआधीच संपतो. मशीनला काही बदलताना दिसत नाही, आणि ती चक्क नॉर्मल आकडा छापते. पेशंटचे डोळे पिवळे आणि रिपोर्ट स्वच्छ. म्हणून आम्ही प्रत्येक लॅबला शिकवतो, की सकाळी आधी कोऱ्या रीएजंटचं रीडिंग घ्यायचं. ते किटच्या पत्रकातल्या मर्यादेखाली असेल तर बाटली फेकायची, आणि पेशंटकडे बघून आकडा पटत नसेल तर सिरम पातळ करून पुन्हा लावायचं. आमचा माल नागपूरहून महामार्गाने रात्री येतो, पहाटे आमच्या फ्रीजमध्ये जातो आणि ऊन चढायच्या आत थर्माकोलच्या डब्यांतून पुढे निघतो. बर्फाच्या वड्या आम्ही घरीच गोठवतो. महामार्गावरचं गाव निवडल्याचा हा फायदा.

नोकरी सोडून फर्म काढली तेव्हा बायकोचं डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालेलं होतं आणि ती एका लॅबमध्ये काम करत होती. मी मशीन बघायचो, ती आकडा बघायची. आजही कामाची विभागणी तीच आहे. मशीन बसवल्यावर दोन दिवस तीच तिथे बसते, टेक्निशियनला क्यूसी (माहीत असलेल्या आकड्याचं सँपल लावून मशीनची रोजची तपासणी) लावायला शिकवते, त्या आकड्यांचा लेव्ही-जेनिंग्ज चार्ट भिंतीवर चिकटवून रोजचा ठिपका पेनाने मांडायला लावते. सरासरीपासून दोन एसडीच्या (स्टँडर्ड डेव्हिएशनच्या) बाहेर गेलं तर काय, सलग ठिपके एकाच बाजूला पडत गेले तर काय, हे तिच्याइतकं सोपं करून सांगणारं माणूस मी पाहिलेलं नाही. ज्यांची तयारी होते त्यांना ती वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या (सीएमसी) बाह्य गुणवत्ता योजनेत नाव घालायला लावते. तिथून येणाऱ्या अनोळखी सँपलचा आपला आकडा इतर लॅबच्या आकड्यांशेजारी ठेवून बघता येतो.

२०१७ चा पावसाळा संपत आला आणि यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा सुरू झाली. कापूस त्या वर्षी डोक्याच्या वर वाढलेला. शेतकरी आणि शेतमजूर त्यात शिरून फवारत होते, औषध अंगावर येत होतं. वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यांत दाखल झाली. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक शरीरातलं कोलिनएस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतं. सिरममधलं ते मोजलं, तर विष किती भिनलं आणि माणूस सावरतोय का, याचा डॉक्टरांना अंदाज येतो. ही टेस्ट तेव्हा आमच्या भागात सहज मिळत नव्हती. पण त्यासाठी वेगळी मोठी मशीन लागत नाही. ४०५ नॅनोमीटरचा फिल्टर असलेल्या साध्या सेमी-ऑटोवर ती होते. फिल्टर सगळ्यांकडे होता, किट कुणाकडे नव्हतं, कारण वर्षभर कुणी मागत नाही आणि एक्स्पायरी उलटते.

त्या महिन्यांत आम्ही किट मागवले, लॅबमध्ये जाऊन प्रोग्रॅम भरले, आणि बायकोने फोनवर फोन घेतले. ती प्रत्येकाला तीन गोष्टी सांगायची. या टेस्टची नॉर्मल मर्यादा फार रुंद आहे, म्हणून एका आकड्यावर जाऊ नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा आणि चढ-उतार बघा. लिव्हरचा आजार किंवा कुपोषण असेल तरी आकडा कमी येतो. आणि सगळीच कीटकनाशकं या टेस्टमध्ये दिसत नाहीत, म्हणून आकडा चांगला आला तरी पेशंटला घरी पाठवायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील. तेव्हापासून दरवर्षी पोळ्याच्या सुमारास आम्ही कोलिनएस्टरेजचे किट आणून ठेवतो. काही वर्षी त्यातले बरेच वाया जातात. ते वाया जावेत अशीच आमची इच्छा असते.

सिकलसेल, म्हणजे लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार, हा आमच्या भागाचा दुसरा मोठा विषय. गोंड, कोलाम, परधान आणि इतर अनेक समाजांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. सॉल्युबिलिटीची (रक्त द्रावणात गढूळ होतं का बघायची) टेस्ट स्वस्त आणि चांगली, पण ती वाहक आणि आजारी यांच्यात फरक करत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. जुलै २०२३ मध्ये केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरवली गेली. त्यानंतर या टेस्टबद्दलची विचारणा आमच्याकडेही खूप वाढली.

मला मात्र सेल काउंटरबद्दल बोलायचं आहे, कारण सिकलसेलचा पेशंट त्यावर रोज येतो. अशा पेशंटच्या रक्तात कधी कधी केंद्रक असलेल्या, अर्धवट तयार झालेल्या लाल पेशी असतात. काउंटर पांढऱ्या पेशी मोजण्याआधी लाल पेशी फोडतो, पण हे केंद्रक फुटत नाही आणि पांढऱ्या पेशींत धरलं जातं. मग पांढऱ्या पेशी तीस-चाळीस हजार दिसतात आणि घरचे लोक मोठ्या आजाराच्या भीतीने नागपूर गाठतात. स्लाइड बघितली तर दहा मिनिटांत उलगडा होतो. शंभर पांढऱ्या पेशींमागे अशा किती लाल पेशी दिसल्या ते मोजायचं, मशीनचा आकडा शंभरने गुणायचा आणि शंभर अधिक ती संख्या, याने भागायचं. तीच गोष्ट डेंगीत. रक्त गोठू नये म्हणून नळीत असलेल्या ईडीटीएमुळे प्लेटलेटचे गठ्ठे झाले की मशीन वीस हजार दाखवते, आणि स्लाइडवर त्या भरपूर असतात. म्हणून मायक्रोस्कोप विकून टाका आणि काउंटर घ्या, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. आम्ही काउंटर विकतो आणि मायक्रोस्कोपची लेन्स फुकट साफ करून देतो.

धंद्याचं थोडं सांगतो. उधारीवर हा व्यवहार चालतो आणि उधारी कापसावर. पेशंट शेतकरी, त्याचा पैसा कापूस विकल्यावर येतो, म्हणून लॅबचा हिशेबही दिवाळीनंतर मोकळा होतो. कोविडच्या लाटांत सीआरपी, डी-डायमर यांच्या किटची मागणी एवढी झाली, की आम्ही ओळखीच्या लॅबना वाटून वाटून माल दिला. त्या काळाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही, सगळेच राबत होते.

मशीन फुकट घ्या आणि रीएजंट आमचेच घ्या, असा करार हल्ली सर्रास होतो. मोठ्या लॅबला तो परवडतो. तालुक्याच्या लॅबमध्ये पावसाळ्यात पेशंट दुप्पट आणि उन्हाळ्यात अर्धे, पण कराराचा दरमहा कोटा तोच राहतो. शिवाय मशीन बंद पद्धतीची असेल तर दुसरं रीएजंट चालत नाही. म्हणून आम्ही बहुतेक ओपन सिस्टीमच ठेवतो. तासाला चारशे टेस्ट करणारी मशीन मागायला कुणी आला, की आधी त्याचं रजिस्टर बघतो. दिवसाला चाळीस पेशंट असतील तर त्याला चांगली सेमी-ऑटो, पक्का यूपीएस आणि दोन फ्रीज घ्यायला सांगतो. विक्री लहान होते, पण तो माणूस पुढेही आमच्याकडे येत राहतो, आणि मोठी मशीन घ्यायची वेळ येते तेव्हा ती चालवायची ताकद त्याच्यात आलेली असते.

आता वणीला सुट्या भागांचा साठा ठेवतोय. हॅलोजन दिवे, पंपाच्या नळ्या, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, छिद्र साफ करायचं द्रावण. बहुतेक बिघाड एवढ्यातच असतात, आणि ते तिथल्या तिथे मिळालं तर झरी-कोरपन्याच्या लॅबची मशीन त्याच दिवशी सुरू होईल. शनिवारी दुपारी आमच्या वर्कशॉपमध्ये एक सेमी-ऑटो आणि एक काउंटर उघडून ठेवलेले असतात. कुणीही टेक्निशियन, डीएमएलटीचा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी येऊन आतली रचना बघू शकते, हात लावू शकते, फी नाही. येताना आपल्या लॅबचा मागच्या महिन्याचा क्यूसी चार्ट तेवढा सोबत आणा, मॅडम, म्हणजे माझी बायको, आधी तो बघतात.